सोनाराच्या काट्यावर तोललेला इतिहास

मार्च २०२५ मध्ये बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाच्या परिसरात जो प्रकार घडला, तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 'छावा' हा चित्रपट नुकताच प्रदर्शित झाला होता. बऱ्हाणपूर हे मोगलांच्या संपत्तीचे मोठे ठाणे होते ही गोष्ट त्यामुळे लोकांच्या मनावर नव्याने ठसली होती. त्यातच महामार्गाच्या कामासाठी उपसलेल्या मातीत जुनी नाणी निघाल्याची वार्ता पसरली. मग अंधार पडताच शेकडो माणसे टॉर्च, चाळण्या, कुदळी आणि धातुशोधक यंत्रे घेऊन शेतांत उतरू लागली आणि बघता बघता शिवारभर खड्डे पडले. बऱ्हाणपूर जिल्हा मध्य प्रदेशात असला, तरी जळगावच्या सीमेला लागून आहे. जी लाट तेथे उठली ती महाराष्ट्राच्या सीमेवर अडेल, असे मानण्यास आधार नाही. कोणाच्या हाती किती मोहरा लागल्या, याची चर्चा त्या वेळी पुष्कळ झाली. त्या खणाखणीत नष्ट काय झाले, याची मात्र फारशी झाली नाही.

हा प्रश्न मराठवाड्याला विशेष जवळचा आहे. परभणी जिल्ह्यातील पूर्णा हे गाव प्रवाशांना रेल्वेचे जंक्शन म्हणून परिचित आहे. मनमाड-नांदेड मार्गाला अकोल्याकडून येणारा फाटा तेथे मिळतो. परंतु माणसांची आणि मालाची ये-जा या प्रदेशाला रेल्वेने शिकविली, असे नव्हे. अजिंठ्याच्या डोंगररांगांत उगम पावलेली पूर्णा नदी या शहराच्या दक्षिणेस गोदावरीला मिळते. त्याच गोदावरीच्या काठी पश्चिमेस पैठण, म्हणजे सातवाहनांचे प्रतिष्ठान, वसले आहे. पूर्णेच्या खोऱ्यात वरच्या अंगाला भोकरदन आहे. १९७३ साली तेथे झालेल्या उत्खननाने प्राचीन भोगवर्धन नगरीचे अवशेष उजेडात आणले. दोन हजार वर्षे माणूस जेथे सतत राहत आला, त्या खोऱ्यात नांगराच्या फाळाला जुने नाणे लागले तर नवल ते काय!

काळी आणि पांढरी

मराठी खेड्याने आपल्या भूमीची वाटणी फार पूर्वीच करून ठेविली आहे. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्यांची घरे ढासळून, चुलींची राख, शेण, माती आणि खापरे यांचे थर साचून गावाची जुनी जागा पांढुरकी होते आणि उंचावते. ज्याला पुरातत्त्वज्ञ वसाहतीचे टेकाड म्हणतात, त्याला शेतकरी पांढरी म्हणतो, आणि दोघांना अभिप्रेत वस्तू एकच असते. पहिल्या वळवाने पांढरीची कड धुपली की खापराचे तुकडे, मणी आणि क्वचित एखादे नाणे उघडे पडते, हा गोदाकाठच्या गावांचा जुना अनुभव आहे. धाब्याच्या घरांवर घालण्यासाठी आणि शेतात टाकण्यासाठी पांढरीची माती पिढ्यान्‌पिढ्या नेली गेली. त्या टोपल्या-टोपल्यांनी झालेल्या हानीला निदान फावड्याच्या वेगाची मर्यादा होती. आज माती यंत्राने उपसली जाते. रस्त्यांच्या भरावासाठी, विटभट्ट्यांसाठी एकेक उंचवटा दिसेनासा होतो. त्यात आता धातूचा आवाज ऐकणारे यंत्र हौशी माणसाच्या हाती आले आहे.

या यंत्राचे काम साधे आहे. त्याच्या वेटोळ्यातून निघणारे बदलते चुंबकीय क्षेत्र जमिनीतील धातूत क्षीण विद्युतप्रवाह निर्माण करते. त्या प्रवाहाचा प्रतिसाद यंत्र टिपते आणि कानात सूर वाजतो. सर्वसाधारण यंत्राला लहानसे नाणे वीतभर खोलीपर्यंत ओळखू येते. खापर, हाड, कोळसा, जळालेले धान्य, भिंतीचा पाया यांविषयी मात्र ते मुके असते. पुरातत्त्वज्ञही हे यंत्र वापरतात, पण आखलेल्या चौकटीत आणि प्रत्येक वस्तूची जागा नोंदवून. कुदळ घेऊन सुराच्या मागे धावणारा माणूस धातू तेवढा उचलतो आणि ज्यांच्यामुळे त्या धातूचा काळ कळला असता, त्या सर्व खुणा बाजूला फेकतो.

ढिगाऱ्यातून उभे राहिलेले राजे

एका नाण्याने असे कोणते ज्ञान मिळणार, असा प्रश्न कोणी विचारील. महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासातील एक मोठे प्रकरण नाण्यांच्या एका ठेव्यावर उभे आहे. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे क्षत्रप नहपानाची सुमारे १३,२५० चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपले ठसे पुन्हा मारलेले होते. नहपानाच्या मुखवट्यावर सातवाहनांचे चैत्यचिन्ह उमटलेले आणि खालचा मुखवटा तरीही दिसतो आहे, असे ते दृश्य होते. गौतमीपुत्राने क्षहरातांचा उच्छेद केला, असे त्याची माता गौतमी बलश्री हिचा नाशिकच्या लेण्यातील लेख सांगत होता. तो कौतुकाचा अतिरेक मानावा की इतिहास, याचा निवाडा या ठेव्याने केला. शत्रूचे चलन गोळा करून त्यावर स्वतःची मुद्रा उठविण्याइतकी सत्ता गौतमीपुत्राच्या हाती आली होती, हे त्यावरून सिद्ध झाले. एकेक नाणे सुमारे दोन ग्रॅमचे. चांदी म्हणून पाहिले तर सगळा ढीग पंचवीस-तीस किलोंच्या आसपास भरेल. तो मुशीत गेला असता, तर कोणाच्या तरी घरी काही ताटे-वाट्या झाल्या असत्या आणि महाराष्ट्राच्या इतिहासाचे एक पान कोरे राहिले असते.

दुसरे उदाहरण वऱ्हाडातील तऱ्हाळ्याचे. त्या वेळच्या अकोला जिल्ह्यातील या गावी १९३९ मध्ये सातवाहनांची सुमारे सोळाशे पोटीनची नाणी मिळाली. तांबे, कथील आणि शिसे यांच्या या हिणकस मिश्रधातूला सोनाराने हातही लावला नसता. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्यांचे वाचन केले आणि पुराणांतील वंशावळींत ज्यांची नावे नाहीत असे कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी आणि शक सातकर्णी हे राजे उजेडात आले. अशा नाण्यांवरील लेख कडेने फिरतो आणि पुष्कळदा तो चकतीवर पुरता उमटलेलाच नसतो. एका नाण्यावर तीन अक्षरे, दुसऱ्यावर त्यांपुढची दोन, असे जुळवीत राजाचे नाव सिद्ध करावे लागते. अशा वेळी शेकडो नाण्यांतील एकाचे एक अक्षर पुसले गेले, तरी नाव अपुरे राहण्याचा धोका असतो.

चिंच, राख आणि तेजाब

अक्षरे पुसली जाण्याची पहिली जागा म्हणजे घरातील मोरी. नाणे सापडले की ते लख्ख करावे, ही प्रेरणा स्वाभाविक आहे. देवाची तांब्या-पितळेची भांडी चिंचेने, मीठ-लिंबाने किंवा राखेने उजळावीत, हा घरोघरचा रिवाज; तोच उपचार नाण्यावर होतो. कोणी विटकरीच्या भुकटीने घासतो, कोणी सोनाराकडे नेऊन तेजाबात बुडवितो. ग्राहक चकाकीवर भाळतो हे ओळखून काही विक्रेतेही हाच मार्ग धरतात.

या उपचाराने नेमके काय होते, हे समजून घेणे अगत्याचे आहे. शेकडो वर्षे मातीत राहिलेल्या तांब्याच्या नाण्याचा पृष्ठभाग मूळ धातूचा राहत नाही. त्यावर प्रथम तांबूस आणि मग हिरवा असा क्षारांचा थर चढतो. कित्येकदा नाण्यावरील चिन्हे व अक्षरे या थरातच जपलेली असतात. खालचा धातू खडबडीत व निराकार झालेला असतो. तेजाब थर विरघळविते आणि त्याबरोबर लेखही जातो. हाती राहते ती चकचकीत, मुकी चकती. मीठ-लिंबाचा प्रयोग तर नाणे स्वच्छ करून पुढे त्याला मारतो. मिठातील क्लोराइड तांब्यात शिरते, दमट हवेत त्यापासून आम्ल तयार होते, ते आम्ल उरलेल्या तांब्याला खाते आणि हे चक्र चालूच राहते. नाण्यावर फिकट हिरवी भुकटी फुलू लागते, तिला संरक्षणशास्त्रात कांस्यरोग म्हणतात. शिशाची नाणी सातवाहनांनी मोठ्या प्रमाणावर पाडली आणि ती सर्वांत नाजूक असतात. आंबट पदार्थ तर सोडाच, लाकडी कपाटातून निघणाऱ्या आम्लवाफांनीही त्यांची पांढरी भुकटी होऊ शकते, आणि ती भुकटी हाताळणाऱ्यालाही अपायकारक असते. घासण्याने वजन घटते हा आणखी एक तोटा. नाण्याचे वजन हाच त्या काळच्या तौलिक परिमाणाचा पुरावा असतो.

तज्ज्ञ हे काम कसे करतात, हे पाहिले म्हणजे फरक कळतो. भिंगाखाली, मऊ काडीने, शुद्ध पाण्याने, एकेका नाण्यावर तासन्‌तास खर्चून जेवढे काढणे अवश्य तेवढेच काढावयाचे, आणि शंका आली की थांबावयाचे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची डेहराडून येथील विज्ञान शाखा आणि लखनौ येथे १९७६ पासून काम करणारी राष्ट्रीय संरक्षण-संशोधन प्रयोगशाळा यांनी हे शास्त्र देशात रुजविले आहे. सामान्य माणसाने त्यातील एकच सूत्र ध्यानात ठेवावे: मिळालेले नाणे धुऊ नये, घासू नये, कोरड्या कागदात गुंडाळून ठेवावे आणि सोबतचे खापर फेकू नये.

जागा हरवली की काळ हरवतो

स्वच्छतेइतकाच, किंबहुना त्याहून मोठा, प्रश्न जागेचा आहे. ताम्रपट आपली हकीकत स्वतः सांगतो. वेमुलवाड्याचा चालुक्य राजा अरिकेसरी याचा इ. स. ९६६ चा परभणी ताम्रपट जिनालयाला दिलेल्या दानाची माहिती देतो आणि सोमदेवसूरींच्या चरित्रावर प्रकाश टाकतो. नाणे इतके बोलके नसते. ते कोणत्या थरात, कोणत्या भांड्यात, कोणत्या इतर नाण्यांबरोबर होते, हे कळले तर ते साक्ष देते.

दायमाबादचे उदाहरण या दृष्टीने डोळ्यांत अंजन घालणारे आहे. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील प्रवरेच्या काठच्या या गावी १९७४ साली एका कष्टकऱ्याला झाडाचे खोड खणताना रथ, गेंडा, हत्ती आणि रेडा अशी चार भव्य ब्रॉन्झशिल्पे सापडली. त्यांचे एकूण वजन साठ किलोंहून अधिक होते. ती तांबटाच्या भट्टीत गेली नाहीत आणि शासनाच्या हाती आली, हे महाराष्ट्राचे भाग्य. तथापि ती उत्खननात, थरांच्या नोंदीसह मिळाली नव्हती. त्यामुळे ती उत्तर-हडप्पाकालीन की पुष्कळ नंतरची, असा वाद विद्वानांत निर्माण झाला. पुढे तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन होऊनही त्या वादाचे मूळ कायम राहिले. इतक्या असामान्य वस्तूंची ही स्थिती, मग मुठीएवढ्या शिशाच्या नाण्यांची काय कथा!

याच्या उलट उदाहरण इंग्लंडमधील फ्रोम येथे २०१० साली घडले. तेथे धातुशोधक यंत्र घेऊन फिरणाऱ्या एका हौशी शोधकाला नाण्यांनी भरलेले रांजणासारखे मडके लागले. त्याने हात आवरला आणि पुरातत्त्वज्ञांना बोलाविले. त्यांनी थराथराने मडके रिकामे केले. नाणी ५२,५०३ भरली. सर्वांत उशिराची नाणी वरच्या थरात असावीत अशी अपेक्षा होती, परंतु ती आधीच्या नाण्यांच्या खालीही निघाली. त्यावरून मडके वर्षानुवर्षे थोडे थोडे साठत गेले नसून एकदमच भरले गेले असावे, असा निष्कर्ष निघाला. यंत्र तेच आणि हौसही तीच. फरक पडला तो खणणाऱ्याने हात आवरल्यामुळे. मात्र हात आवरणाऱ्याला कायद्याने नुकसानीत घालू नये, ही त्यामागची अट आहे.

कायद्याचा काटा

निखात निधीसंबंधीचा देशातील पायाभूत कायदा १८७८ चा आहे. त्याच्या मूळ मजकुरानुसार दहा रुपयांहून अधिक मूल्याचा निधी सापडला, तर शोधकाने त्याचे स्वरूप, अंदाजे मूल्य, ठिकाण आणि तारीख जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावी. मग जाहीर सूचना निघते आणि दावेदारांना चार ते सहा महिन्यांनंतरची तारीख मिळते. कोणीच मालक ठरला नाही आणि जमीनमालकाने आपला हक्क सांगितला, तर तीन-चतुर्थांश शोधकाला व एक-चतुर्थांश जमीनमालकाला, अशी वाटणी होते. खबर न देणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. येथपर्यंत कायदा शोधकाचा शत्रू नाही, हे मान्य केले पाहिजे. अनेकांची समजूत आहे तसे तो 'सगळे सरकारजमा' असे म्हणत नाही.

कायद्याची खरी उणीव पुढे आहे. निधी शासनाने घ्यावयाचे ठरविल्यास हक्कदाराला द्यावयाची रक्कम म्हणजे त्या वस्तूच्या धातूची किंमत अधिक तिचा एक-पंचमांश. म्हणजे कायदाही वस्तू सोनाराच्या काट्यावर तोलतो. सोन्याच्या मोहरेला या हिशेबाने चांगली रक्कम मिळते. परंतु कुंभ सातकर्णीच्या पोटीनच्या नाण्याची किंमत भंगारापलीकडे जात नाही. इतिहासाला जे सर्वांत मोलाचे, त्याला कायदा सर्वांत कमी मोल देतो. त्याच नाण्याला नाणी विकणारा मध्यस्थ, चोरून का होईना, कितीतरी अधिक पैसे मोजतो. १९७२ च्या पुराणवस्तू व कलानिधी कायद्याने शंभर वर्षांपूर्वीची नाणी पुराणवस्तूंत धरली, व्यापाऱ्याला परवाना बंधनकारक केला आणि खासगी निर्यात बंद केली. निर्यातीचे दार लावले, पण पहिला व्यवहार जेथे होतो ते गावातील दार उघडेच राहिले. नाणे गावातून एकदा निघाले की त्याचे ठिकाण कायमचे पुसले जाते; पुढे ते जप्त झाले तरी इतिहासाला ते अर्धेच परत मिळते.

पैशापेक्षाही प्रभावी ठरते ती भीती. शेतात मडके निघालेल्या शेतकऱ्याला एकीकडे पोलीस ठाण्याची आणि कचेरीतील हेलपाट्यांची धास्ती असते, तर दुसरीकडे गुप्तधनाभोवतीच्या समजुतींची. या समजुती किती थराला जाऊ शकतात, हे परभणी जिल्ह्याला सांगावयास नको. १९७२ ते १९७४ या काळात याच जिल्ह्यातील मानवत येथे स्त्रियांच्या आणि मुलींच्या हत्यांचे जे सत्र घडले, त्यामागे संततीची आस आणि गुप्तधनाची हाव असल्याचे फिर्यादी पक्षाने न्यायालयात मांडले होते. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानेही गुप्तधनाच्या शोधासाठी केली जाणारी अघोरी कृत्ये गुन्हा ठरविली आहेत. मडक्यातील नाणी ही कोणा भुताची राखण नसून एखाद्या व्यापाऱ्याने किंवा सैनिकाने संकटकाळी पुरलेली आणि परत येऊन न काढलेली शिल्लक आहे, एवढे साधे ज्ञान गावोगाव पोहोचले, तरी अर्धी हाव आणि पुष्कळशी भीती ओसरेल.

दोन देश, दोन वाटा

इतर देशांनी या पेचातून दोन निरनिराळ्या वाटा काढल्या. आयर्लंडने १९८७ मध्ये परवानगीवाचून पुराणवस्तूंच्या शोधासाठी धातुशोधक यंत्र वापरण्यास मनाई केली. इंग्लंड व वेल्सने १९९६ च्या कायद्याने निधीची खबर सक्तीची ठेवली, परंतु वस्तुसंग्रहालयाने ती वस्तू घेतल्यास शोधकाला व जमीनमालकाला बाजारभावाने मोबदला देण्याची पद्धत चालविली. निधीच्या व्याख्येत न बसणाऱ्या किरकोळ वस्तूंची स्वेच्छेने नोंद करण्यासाठी १९९७ पासून गावोगावी संपर्क अधिकारी नेमले. त्या नोंदी आज दहा लाखांच्या कितीतरी पुढे गेल्या आहेत.

बाजारभाव दिला तर खणाखणीला उत्तेजन मिळेल, हा आक्षेप अगदीच निराधार नाही. पैठण-तेर-भोकरदनसारख्या भूमीत यंत्रधारी हौशांना मोकळे रान देणे घातक ठरेल. म्हणून महाराष्ट्राने दोन्ही वाटांतील ग्राह्य भाग घ्यावा. पांढरीची टेकाडे, गड आणि नदीकाठची प्राचीन स्थळे येथे लेखी अनुमतीवाचून यंत्र नेण्यास स्पष्ट बंदी असावी, आणि त्यासाठी प्रत्येक तालुक्यातील अशा स्थळांची गट क्रमांकांसह यादी जाहीर व्हावी. दुसरीकडे, नांगरताना किंवा विहीर खणताना अकस्मात नाणी लागली आणि ज्याने काम थांबवून खबर दिली, त्याला धातूच्या भावाने नव्हे तर पुराणवस्तूच्या योग्य मूल्याने, आणि तेही ठरावीक मुदतीत, मोबदला मिळावा. ठिकाण जसेच्या तसे दाखविणाऱ्यास अधिक आणि उकरून, घासून आणणाऱ्यास कमी, असा भेद केला की पारितोषिक खणण्याला न मिळता थांबण्याला मिळेल.

मास्तर, तलाठी आणि कारकून

यासाठी मोठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. ठिकाण, दिनांक आणि स्वरूप यांची नोंद १८७८ चा कायदाही मागतोच. त्या नोंदीत खोली, सोबतचे भांडे, मातीचा रंग आणि छायाचित्र या चार बाबींची भर घालणे तहसील कचेरीतील कारकुनाला अवघड नाही. खबर देणाऱ्याला त्याच दिवशी वजनासह पावती मिळाली पाहिजे, आणि पुढे ते नाणे कोणाचे ठरले व कोठे ठेवले, हेही त्याला कळविले पाहिजे. रस्त्याच्या आणि भरावाच्या ठेक्यांत जुने अवशेष दिसताच काम थांबविण्याचे कलम असावे व ते पाळले जावे. नाणी वाचण्यासाठी तज्ज्ञांचाही दुष्काळ नाही. नाशिकजवळ अंजनेरी येथे १९८० पासून नाणकशास्त्राची स्वतंत्र संशोधन संस्था आहे.

गावातील माणूस हे काम करू शकतो, याचा दाखला तेरने दिला आहे. तेथील रामलिंगप्पा लामतुरे यांनी प्राचीन तगर नगरीच्या मातीतून वर येणाऱ्या वस्तू चिकाटीने जमविल्या. तो संग्रह पुढे शासनाकडे आला आणि त्यांच्याच नावाने वस्तुसंग्रहालय उभे राहिले. प्रत्येक गावाला लामतुरे मिळणार नाहीत; पण प्रत्येक गावात शाळा आहे. मुलांनी आणलेले खापर किंवा नाणे पाहून ते कोठे, कोणाच्या शेतात, कशाजवळ मिळाले हे वहीत लिहून घेणारा शिक्षक आणि ती नोंद पुढे पाठविणारा तलाठी, एवढ्या दोन माणसांनीही पुष्कळ काही वाचेल.

पूर्णा-गोदेच्या काठची पांढरी दरवर्षी पावसाने थोडी धुपते आणि यंत्रांनी पुष्कळ उपसली जाते. गोदाकाठच्या इतिहासाचे जे लेखन अजून झालेले नाही, त्याची साधने तिच्या पोटात आहेत आणि ती एकदाच वाचता येतात. धातुशोधक यंत्र, तेजाब आणि १८७८ चा कायदा या तिघांनाही त्यांत केवळ धातू दिसतो. यंत्राला आणि तेजाबाला दुसरी दृष्टी देता येणार नाही. कायदा मात्र माणसाने केलेला आहे आणि त्याचा काटा बदलणे विधिमंडळाच्या व संसदेच्या हातचे आहे. असीरगडाच्या शेतांत पडले तसे खड्डे पूर्णेच्या काठी पडल्यानंतर ते बदलण्यात काहीच स्वारस्य उरणार नाही.